खिडकीतला डावा बूट

त्या दिवशी बाबांनी तिचा डावा पाय मांडीवर घेतला आणि सवयीप्रमाणे आधी त्याला नावं ठेवली.

“काय हा पाय. पुढून फावडं, मागून चमचा, मधे हा डोंगर. बदक, कुणी दिला गं तुला असला पाय?”

“तुम्हीच.”

“काहीतरीच. आमच्या घरात सगळ्यांचे पाय नाजूक,” असं म्हणून त्यांनी स्वतःचा पाय हळूच स्टुलाखाली सरकवला. तो हुबेहूब तिच्यासारखाच होता. चवडा ऐसपैस, टाच मुलखाची बारीक, वरचा उंचवटा कुठल्याही बुटात मावणार नाही इतका उभा. शिवाय घोट्याच्या खाली, आतल्या अंगाला, एक हाड उगीचच बाहेर डोकावणारं, आत बसून कंटाळल्यासारखं. आत्याचा पायही तसाच होता. घरात त्याला बदकाचा पाय म्हणत. तिला तर बाबा लहानपणापासून बदकच म्हणत आले होते. तिचं खरं नाव ते रागावले तरच घ्यायचे, म्हणजे जवळजवळ कधीच नाही.

असल्या पायांनी चपलेत आयुष्य सुखाने जातं. अडतं ते बर्फावरून घसरायच्या स्कीच्या बुटात. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच, आत जाड मऊ अस्तर, असा तो बूट. कवच तसूभर हलत नाही आणि हलून चालतही नाही, कारण पाय वळला की त्याच क्षणी स्की वळायला हवी. कारखान्याने एक सरासरी पाय मनात धरून ते कवच ओतलेलं असतं. तुमचा पाय तसा नसेल, तर तुम्ही बर्फाच्या उतारावरून खाली येता ते दात-ओठ खात. अशा माणसांसाठी बाबांचं दुकान होतं. रस्ता जिथे डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी संपायचा तिथलं शेवटचं. पुढे विक्रीची खोली, मागे कामाची. कवच गरम हवेने तापवायचं, मऊ पडलं की आतून लोखंडी गोळ्याने हवं तिथे रेटायचं, ओल्या फडक्याने थंड करायचं. जिथे हाड बोचतं तिथे जागा, बाकी सगळीकडे घट्ट.

दुकानाचा एक नियम होता. बूट पुरा झाला की बाबा त्याची सगळी बकलं लावून तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवत, नाक बाहेर. गिऱ्हाइकाने येता-जाता खिडकीत नाक पाहायचं आणि समजायचं, आपलं काम झालं. तोवर तो टेबलावर उघडा पडलेला असे.

दारावरची घंटा वाजली. दंतवैद्य आला होता, हातात मागच्या आठवड्यात नेलेले बूट.

“एक माप मोठा द्या हो. बोटं पुढं लागतात.”

“लागायलाच हवीत. गुडघे वाकवा, आपोआप मागं जातील.”

“मला मोठाच बरा वाटेल.”

“डॉक्टर,” तिचा पाय न सोडता बाबा म्हणाले, “तुमच्या खुर्चीत बसल्यावर कुठला दात काढायचा ते मी सांगतो का?”

“सांगता की. गेल्या वेळी सांगितलंत.”

“मग तुम्ही ऐकलंत?”

“नाही.”

“झालं तर.”

दंतवैद्य तेच बूट बगलेत मारून, हसत गेला. बाबांनी मान हलवली. “दुखलं की माणसाला वाटतं बूट लहान आहे. मोठ्या बुटात पाय पळतो. तो पळू नये म्हणून बकलं आवळायची, आणि आवळली की दुखतंच. सगळ्यांना एवढं सांगतो, तरी मोठा द्या, मोठा द्या.”

सगळ्यांना सांगत हे खरं. फक्त एका माणसाच्या बाबतीत त्यांचा हात सैल पडे, आणि ते माणूस आत्ता त्यांच्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

लहानपणी पहिला बूट चढवताना ती रडली होती. लहान मुलं रडतात तशीच, पण बाबांनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून तिच्यासाठी कवच घ्यायचं ते एक माप मोठं. मग ते आणखी तापवायचं, आणखी ताणायचं, आणि दर वेळी गुडघ्यांवर बसून, वर तिच्या तोंडाकडे पाहत विचारायचं, “बसतोय?” त्या तोंडाकडे पाहून नाही म्हणणं तिच्या जिवावर येई. “बसतोय बाबा,” ती म्हणे. बूट पायात होडीसारखा हिंदकळे. ती एकदा कशीबशी उतारावरून खाली येई आणि उरलेला दिवस पायथ्याच्या उपाहारगृहात पुस्तक उघडून काढी. विचारलं तर सांगे, मला वाचायचंय. पुढे तिला वाचनाचं वेड खरोखरच लागलं आणि पोटही त्याच्यावरच चालू लागलं. शहरातल्या एका स्टुडिओत बसून ती पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करी. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं स्वच्छ आवाजात म्हणायची, आणि घरी आल्यावर स्वतःचं बोलणं चार शब्दांत आटपायचं, अशी तिची रीत पडली होती.

यंदा मात्र बाबांनी मनावर घेतलं होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिल्या लिफ्टने वर जायचं, हा आई-बाबांचा लग्न झाल्यापासूनचा नेम. “या वर्षी तिघं जाऊ,” बाबांनी फर्मान काढलं होतं. “आणि कवच या वेळी लहान घेतलंय. आधी शिव्या घालशील, मग दुवा देशील.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून लिपस्टिक काढली, तिच्या पायाच्या त्या आगाऊ हाडावर एक ठिपका लावला आणि पाय अस्तर काढलेल्या कवचात घातला. पाय बाहेर आला तेव्हा कवचाच्या आत भडक लाल खूण उमटली होती. रेटायचं ते नेमकं तिथे.

“आईची आहे?”

“तिला पत्ता लागत नाही. ड्रॉवरमधे असतात पडलेल्या.”

कवच तापलं, रेटलं गेलं, थंड झालं. काम झाल्यावर खूण पुसायची हाही त्यांचा नेम. त्यांनी ती फडक्याने स्वच्छ पुसली, अस्तर घातलं, तिचा पाय आत सारला आणि बकलं लावली. मग गुडघ्यांवर बसून वर पाहिलं.

“बसतोय?”

आजवरच्या सगळ्या बुटांपेक्षा तो शंभरपट बरा होता. पण ते हाड अजून बोचत होतं, अगदी नखाएवढं. बाबा सकाळपासून वाकून काम करत होते. त्यांच्या कपाळाला प्लास्टिकचा काळा डाग लागला होता.

“बसतोय बाबा. मस्त.”

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बकलं सोडली आणि बूट टेबलावर ठेवला.

“बरं. उद्या उजवा.”

संध्याकाळच्या बसने ती शहरात परतणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळचं ध्वनिमुद्रण उरकून पुन्हा यायचं ठरलं. ती रस्त्यावर पोचल्यावर बाबा दारात येऊन ओरडले, “मोजे एकच जोडी. दोन घालून आलीस तर घरात घेणार नाही.”

ती मागे न वळता हात हलवून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, त्यांना कळलंही नसेल. सगळे म्हणाले, नशीबवान. तीही मान हलवत राहिली.

त्यानंतर ती पहिल्यांदा दुकानाशी आली तेव्हा रस्त्यातच थबकली. खिडकीत एकच बूट होता. डावा. सगळी बकलं लावलेला, नाक बाहेर.

पुरा करून गेले, तिला वाटलं. त्या दिवसांत लोक येत होते, जात होते, काय काय बोलत होते. त्यातलं तिच्या कानांवर पडत होतं, आत जात नव्हतं. पण खिडकीतलं ते नाक तिने मनाशी घट्ट धरून ठेवलं. बाबांनी हातात घेतलेलं शेवटचं काम, आणि ते तिचं, आणि ते झालं. कुणी तिथली धूळ पुसायला गेलं तरी ती म्हणे, राहू दे, मी पुसते.

बर्फ त्या वर्षी लवकर पडलं. आधी वरच्या कड्यांवर, मग झाडांवर, मग एका सकाळी दुकानाच्या पायऱ्यांवर. लिफ्टच्या फाटकावर पाटी लागली: येत्या रविवारपासून सुरू.

ती बातमी घेऊन घरी आली तेव्हा आई पडवीत दोन स्की भिंतीला टेकवून त्यांच्याकडे बघत उभी होती.

“या विकून टाक,” आई म्हणाली.

“तुझ्या? का?”

“पहिल्या लिफ्टनं मी एकटी जाणार नाही. आणि दुसऱ्या लिफ्टनं गेलेलं तुझ्या बाबांना खपलं नसतं.” आईने स्कीच्या टोकावरची काल्पनिक धूळ झटकली. “आता वय झालंच आहे. घरात बसेन. सगळ्या बसतात.”

आईचा आवाज अगदी साधा होता, वाण्याकडून साबण आणायला सांगावा तसा. ही बाई घरात बसली की बसली, हे तिला आरशासारखं दिसलं. गुडघे धरतील, मग जिना अवघड होईल, मग खिडकीतून डोंगर बघणं.

“मी येते तुझ्याबरोबर,” ती म्हणाली.

“कशात? एका बुटात?”

“उजवा करून घेऊ.”

“कुणाकडून?”

दोघींना एकच नाव सुचलं आणि दोघींनीही सुस्कारा सोडला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. याच टेबलावर, याच भावाच्या हाताखाली धंदा शिकली आणि पुढे डोंगरापलीकडे स्वतःचं दुकान थाटून बसली. कारण विचारलं तर सांगायची, “दादा गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो आणि मधेमधे बूट करतो. मला उलटं जमतं.” तिच्या नाकावर माशी बसत नसे. बोलावल्यावर मात्र तिने कधी, कशाला, काही विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी राहिली.

बाबांचं ठेंगणं स्टूल जागेवरच होतं. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातलं एक खोकं पालथं घालून त्यावर बसली.

“दाखव पाय. मोजे किती घातलेस?”

“एकच जोडी.”

“सुधारलीस म्हणायची.” तिने पाय हातात घेतला, फिरवला, दाबला. “आहे बाई, आपलाच आहे. कुणी पळवून न्यायची भीती नाही.” मग अस्तर काढलेल्या उजव्या कवचात पाय घालायला लावून, बोटं पुढे टेकवून, टाचेमागे दोन बोटं घातली. “माप बरोबर घेतलंय दादानं. शेवटी एकदाचं. तुला मोठे बूट घालून घालून आयुष्यभर होडीत बसवलं त्यानं. कितीदा सांगितलं, इतरांना रडवतोस तशी पोरीलाही थोडी रडव. ऐकेल तर दादा कसला.”

तिने पाय कवचातून बाहेर काढला.

“खूण करायला काय आहे?”

तिने इकडेतिकडे शोधलं. बाबांच्या शर्टाच्या खिशात लिपस्टिक असायची, पण तो शर्ट आता घरी, कपाटात होता. तेवढ्यात चहाचे पेले घेऊन आई आली, आणि काय हवंय ते ऐकून तिने पर्समधून एक नवी कोरी लिपस्टिक काढून आत्याच्या हातावर ठेवली.

“तुझ्याच चोरायचे बाबा,” ती म्हणाली. “तुला पत्ता नाही असं त्यांना वाटायचं.”

“पत्ता नाही?” आई पेले मांडत म्हणाली. “हा असला भडक रंग माझ्या ओठांवर कधी पाहिलायस? त्यांच्यासाठीच आणून ठेवायचे ड्रॉवरमधे. फिका रंग काळ्या प्लास्टिकवर दिसत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“चोरायला मजा यायची त्यांना.”

आत्या खो-खो हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. ते पुसणं कुणी पाहिलं नाही असं दोघींनी दाखवलं.

उजव्या बुटाने शुक्रवारचा पुरा दिवस आणि शनिवारची सकाळ खाल्ली. आत्याची पद्धत बाबांसारखीच होती, फक्त गप्पांशिवाय. तापवायची, रेटायची, थंड करायची, पाय घालायला लावायची, आणि विचारायची नाही. नुसती बघायची. पायाकडे नाही, तोंडाकडे. भुवई जरा हलली की “काढ” म्हणायची आणि पुन्हा तापवायला घ्यायची.

शनिवारी दुपारी शेवटचं बकल लागलं तेव्हा तिला आधी वाटलं, काहीतरी राहिलंय. मग लक्षात आलं, दुखायचं राहिलंय. टाच जागच्या जागी, चवडा मोकळा, आणि ते आगाऊ हाड आपल्याच घरात गेल्यासारखं निवांत. गुडघा वाकवला की बोटं पुढून अलगद मागे येत होती. ओळखीच्या माणसाने हात हातात धरावा, आवळूही नये आणि सोडूही नये, तसं ते होतं. इतकी वर्षं लोक वर जाऊन खिदळत खाली का येतात ते तिला आत्ता कळलं. आपण हसतोय हे तिला कळलंही नाही.

“हा,” आत्या स्वतःशीच म्हणाली. “आता डावा घाल.”

तिने खिडकीतला बूट दोन्ही हातांनी उचलून आणला, घातला आणि उभी राहिली.

उजवा नसता तर कळलंही नसतं. उजव्याने घोटाळा केला. एका पायाला बरं म्हणजे काय ते समजल्यावर दुसऱ्याचं बोचणं लपेना. नखाएवढंच होतं, पण त्या नखाने सगळा पाय जागा ठेवला होता.

“कसे आहेत?”

“छान. दोन्ही छान.”

“चाल.”

ती टेबलापर्यंत गेली आणि आली.

“डावा काढ.”

“का? बसतोय की.”

“सगळा भार उजव्यावर टाकून चालतेस. मी काय आज बघतेय का माणसं? काढ. पाच मिनिटांचं काम आहे, आणि रात्रभर थंड झाला की सकाळी घालशील.”

“नको. त्याला हात लावू नकोस.”

आत्या थांबली. भाचीच्या आवाजात आपण काय ऐकलं याचा अंदाज घेत होती.

“हे बघ, उद्या वर जायचंय. वरून खाली यायला उतार केवढा आहे ठाऊक आहे ना? अर्ध्या वाटेत पाय गेला की बसशील बर्फात. तुझ्यासाठी वहिनी थांबेल आणि पुढच्या वर्षी म्हणेल, नकोच ती कटकट. आत्ताच तिनं मला सांगितलं स्की विकायचं. तुला तेच व्हायला हवंय?”

“तसं होणार नाही. मी येईन खाली.”

“दात-ओठ खात.”

“आत्या, तो बाबांनी पुरा केलाय.” एवढं बोलायलाही तिला त्रास झाला. “शेवटचा. तो आहे तसाच राहू दे. मला चालेल.”

आत्याने हातातलं फडकं पिळलं, पसरलं, पुन्हा पिळलं. “ठीक आहे. पाय तुझा,” ती म्हणाली आणि हत्यारं पिशवीत भरू लागली. एक पाना आत गेला, दुसरा गेला. मग ती मधेच थांबली. “पुरा केला हे तुला कुणी सांगितलं?”

“खिडकीत होता. नाक बाहेर.”

“दादानं ठेवला?”

“मग कोण ठेवणार?”

आत्याने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. “वहिनी, जरा ये गं.”

आई आली. तिच्या हाताला मेणाचा वास येत होता. स्की अजून विकल्या नव्हत्या आणि नुसत्या ठेवल्या तर खराब होतात, म्हणून ती त्यांना मेण लावत बसली होती, असं तिचं म्हणणं होतं.

“हा बूट खिडकीत कुणी ठेवला?”

“मी,” आई म्हणाली.

ती आईकडे बघतच राहिली.

“लोक भेटायला येणार होते ना. दुकान उघडून बघते तर हा टेबलावर उघडा पडलेला. अस्तर काढून बाजूला टाकलेलं. बरं दिसेना. अस्तर घातलं, बकलं लावली, ठेवला खिडकीत.” आईने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. “का? चुकलं का काही?”

“नाही गं वहिनी,” आत्या म्हणाली, तिच्या मानाने फार हळू. “इतकी वर्षं या दुकानात काढलीस आणि नाक बाहेर ठेवलंस, एवढंच.”

“त्या दिवशी मला काय सुचत होतं.”

“ते खरंच.”

ती खुर्चीत बसली. तिने बकलं सोडली. त्या दिवशी ती निघाली तेव्हा बूट टेबलावर होता, पण अस्तर आत होतं. तिने स्वतः पाय त्यातून बाहेर काढला होता. म्हणजे ती बसथांब्याकडे चालत असताना, मागे वळून न बघता हात हलवून हसत असताना, बाबा दारातून आत आले होते आणि त्यांनी अस्तर उपसून काढलं होतं.

“काढू का?” आत्याने विचारलं. “नुसतं बघते. हात नाही लावत.”

तिने मान हलवली.

आत्याने अस्तर ओढलं, कवच दिव्याखाली धरलं आणि काही न बोलता तिच्यापुढे केलं. आत, घोट्याखालच्या जागेवर, आधी रेटून फुगवलेल्या भागाच्या कडेला, लाल भडक फुली होती. पायाचा ठसा नव्हता तो. पाय तर शहराच्या बसमध्ये बसला होता. ही फुली हाताने मारलेली होती, सावकाश, दोन रेघांत, आणि तिच्याभोवती नखाएवढं वर्तुळ.

तिने बोट आत घालून ते वर्तुळ चाचपलं. मग पायावरचं हाड चाचपलं. जागा तीच होती. नुसता तिचा चेहरा आठवून त्यांनी ती शोधली होती.

“कळलं होतं त्यांना,” ती म्हणाली.

“कळायला काय झालं. तू मस्त म्हणालीस का?”

“हो.”

“तिथंच. ज्याला दुखत नाही तो माणूस मस्त म्हणत नाही. तो गप्प बसतो आणि बावळटासारखा हसतो. मघाशी उजव्याच्या वेळी तू हसलीस तशी.” आत्याने कवच टेबलाच्या पकडीत बसवलं, पण आवळलं नाही. “उद्या उजवा म्हणाला असेल. मनात असणार, डावाही. तुझ्या तोंडून कधी येतंय त्याची वाट बघत होता बहुतेक. वेडाच होता.”

बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं. रस्त्यावरून दंतवैद्य उद्याची रंगीत तालीम म्हणून स्की खांद्यावर टाकून चालला होता, तेच बूट घालून, तोल सावरत. त्याने सवयीने रिकाम्या खिडकीकडे पाहिलं आणि हात केला. आईने आतून हात केला आणि आत्याला विचारलं, “सकाळपर्यंत थंड होईल का गं तो?”

“आत्ता घेतला तर होईल.”

“मग मी दुसरी स्की पण घेते मेण लावायला,” आई म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेली.

खोलीत दोघीच उरल्या. आत्या गरम हवेचं यंत्र हातात घेऊन उभी होती. तिने चालू केलं नाही. खोक्याकडे पाहिलं, मग बाबांच्या स्टुलाकडे. शेवटी पायाने स्टूल ओढून तिने खुर्चीसमोर आणलं आणि त्यावर बसली. तिथून तिला वर पाहावं लागत होतं.

“मी विचारते,” आत्या म्हणाली. “बसतोय?”

तिने तोंड उघडलं. रोज स्टुडिओत काचेमागे बसून ती पानंच्या पानं न अडखळता वाचत असे. आता तीन शब्दांना आवाज फुटेना. आत्याने यंत्राचं बटण दाबलं. खोलीभर घुं-घुं भरली आणि तापल्या प्लास्टिकचा वास दरवळला, लहानपणापासूनचा, या खोलीचा, त्यांच्या शर्टांचा.

तिचे ओठ हलले.

“काय?” आत्या ओरडली. “या आवाजात कळत नाही. मोठ्यानं बोल.”

स्टुलावरून वर बघणाऱ्या त्या तोंडाकडे, त्याच रुंद कपाळाकडे आणि त्याच वाट बघणाऱ्या डोळ्यांकडे पाहत तिने पायावरच्या हाडावर बोट ठेवलं, आणि यंत्राच्या वर जाईल अशा स्वच्छ आवाजात, शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“बाबा, डावा बसत नाही. इथं दुखतं.”